पहिल्या गाठीची मानकरी

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. महत्त्वाची माणसं लिहितात, आणि आज दुपारपासून मी महत्त्वाची आहे.

झालं असं. महिनाअखेरीला आमच्या चौथीची सहल मोठ्या बागेत जाणार. तिथे तलाव आहे, काचघर आहे, रोपवाटिका आहे. शाळेत नवा नियम निघालाय की बाहेर जाताना सगळ्या वर्गाने एका लांब दोरीला धरून चालायचं. दोरीला हातभर अंतरावर गाठी मारल्यात, एकेकाला एकेक गाठ. पहिली गाठ बाईंच्या अगदी हाताशी असते. ती मला! बाईंनी वर्गाकडे नजरसुद्धा फिरवली नाही. माझं नाव त्यांच्या तोंडात तयारच होतं.

शेवटची गाठ खोडरबरला मिळाली. ही माझी बाकावरची मैत्रीण. लिहिते कमी आणि खोडते जास्त, म्हणून खोडरबर. बिचारी पार शेपटाला. मागे कोणी नाही, पुढे बाई दिसत नाहीत. तिने विचारलं, मीच का? बाई म्हणाल्या की तू मागे असलीस की मला मागे वळून बघावं लागत नाही. बाई समजूत फार छान घालतात. तिला वाईट वाटू नये म्हणून मी माझा शार्पनर दिवसभर तिच्याकडे ठेवला.

४ फेब्रुवारी

दादा (माझाच, सहावीतला) म्हणतो की पहिली गाठ हा मान नाही, पट्टा आहे. आणि दोरीचा नियमही माझ्यामुळेच निघाला. जळतो. त्याला कुठलीच गाठ कधी मिळाली नाही.

तरी गेल्या वर्षीचा विषय एकदाचा लिहून टाकते, म्हणजे मिटेल. संग्रहालयात आपल्यासारख्याच राखाडी युनिफॉर्मची दुसरी शाळा आली होती. मी त्यांच्या रांगेत गेले. त्यांच्या बसमध्ये बसले, त्यांचं गाणं म्हटलं, खिडकी मिळाली. त्यांच्या शाळेच्या दारात मोजणी झाली तेव्हा एक जास्त भरली, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. आई न्यायला येईपर्यंत त्यांच्या ऑफिसात मी दोन केळी खाल्ली. ह्याला हरवणं म्हणत नाहीत. हरवलेलं माणूस रडतं. मी रडले नाही, आमच्या बाई रडल्या. तेव्हापासून वर्गात मला पाहुणी म्हणतात. मान देतात तो घ्यावा.

एकच गोष्ट वाईट झाली. संग्रहालयात शेवटच्या दालनात देवमाशाचा सांगाडा होता आणि सगळा वर्ग त्याच्या पोटात उभा राहिला होता. अजून कोणीतरी म्हणतं, आठवतं का रे, आणि सगळे एकदम हसतात. मी पण हसते. पण मला काय आठवणार? मला दुसऱ्यांची बस आठवते.

म्हणून ह्या सहलीला मी जाणारच. नुसती जाणार नाही, पुढे असणार. ह्या वेळच्या प्रत्येक आठवतं का मध्ये मी पाहिजे.

५ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी अट घातली. सहलीआधी दोरी धरून तीन वेळा सराव. त्यात पाहुणीची काही तक्रार आली तर सहलीच्या दिवशी ती शाळेत, ऑफिसातल्या काकूंजवळ बसेल.

शाळा मोकळी टाकून कसं चालेल? कोणीतरी जबाबदार माणूस मागे हवंच. पण ते मी नको. रात्री जेवण गेलं नाही.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. भारदस्त आवाजात बोलणे. सगळे रस्ते पाठ करणे.

६ फेब्रुवारी

साडेसातला उठले. रस्ते उद्यापासून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला सराव, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत.

बाई दिव्याच्या खांबाच्या उजव्या बाजूने गेल्या. मी पुढारी म्हणून स्वतः विचार केला आणि डाव्या बाजूने गेले. दोरी खांबाला अडली. मागचे काही बाईंच्या बाजूने आले, काही माझ्या. मी सोडवायला खांबाभोवती एक फेरी मारली, मग अजून एक, आणि तिसऱ्या फेरीला निम्मा वर्ग खांबाला बांधला गेला. कोपऱ्यावरच्या चांभाराने दुकान सोडून मदत केली. तो म्हणाला की एवढी वर्षं टाके घालतोय पण असा टाका बघितला नाही. कौतुकच म्हणायचं.

खोडरबर लांबून ओरडत होती की उलटं फिर, उलटं फिर. शेवटच्या माणसाला पुढचं काय कळतं?

बाईंनी तक्रार केली नाही. नुसता श्वास सोडला.

१० फेब्रुवारी

चूक सापडली. मला डावं-उजवं पटकन कळत नाही. हुशार माणसांना कळत नाही, असं मी कुठेतरी वाचलंय किंवा वाचेन. उपाय सोपा. डाव्या हातावर पेनने डावा असं लिहायचं. पण लिहिण्याआधी डावा कोणता ते माहीत पाहिजे. दादाला विचारलं. त्याने अगदी प्रेमाने सांगितलं. इथेच मला शंका यायला हवी होती.

दिवसभर उलटी चालले. पी.टी.च्या सरांनी डावीकडे वळा म्हटल्यावर मी आणि शेजारचा एकमेकांच्या नाकावर आपटलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा सराव, अग्निशमन केंद्र. सगळं उत्तम चाललं होतं. बाईंनी रस्ताभर माझ्या दप्तराचा पट्टा धरला होता. वयोमानाप्रमाणे त्यांना आधार लागत असेल, म्हणून मी मुद्दाम हळू चालले.

तिथल्या काकांनी एकेकाला गाडीत बसवून दाखवलं. पहिली गाठ, म्हणून पहिली मी. समोर एक बटण होतं. बटणावर काही लिहिलेलं नव्हतं. ज्या बटणावर काही लिहिलेलं नसतं ते दाबल्याशिवाय कसं कळणार?

भोंगा वाजला. वरच्या मजल्यावरून सगळे काका एका पायात बूट घालून खाली आले. एकाच्या हातात चहाचा कप होता, तो माझ्याकडे बघतच राहिला. ते किती तत्पर आहेत हे वर्गाला माझ्यामुळे प्रत्यक्ष बघायला मिळालं. पण हा मुद्दा कोणी मांडू दिला नाही.

संध्याकाळी ७. मोठ्या बाईंचा आईला फोन. आई नुसती हो, हो, खरंय, असं म्हणत होती. समोरून काय म्हटलं ते कळलं नाही, पण आईला सगळंच खरं वाटत होतं. फोन ठेवून म्हणाली, मोठ्या बाईंनी शेवटची संधी दिलीय, आता एकच सराव उरलाय गं, मी तुझ्यापुढे हात टेकले. मग उरलेल्या शर्टांना बटणं लावत बसली. ती शिवणाच्या दुकानाचं काम घरी आणते. एक बटण उलटं लागलं, ते उसवलं आणि सुई बोटात गेली. माझ्या हातून काही होणार असेल तर ते बिघडणारच, असं क्षणभर वाटून गेलं. मग झोप आली.

१४ फेब्रुवारी

रात्री उगाच खचले होते. दोष माझा नाही, वर्गाला शिस्त नाही. पुढारी कितीही चांगला असो, मागचे गाठ सोडतात. खांबापाशीसुद्धा भराभर सोडली होती. आजपासून मधल्या सुट्टीत शिस्तवर्ग.

१८ फेब्रुवारी

शिस्तवर्ग जोरात. उड्या मारायच्या दोऱ्या एकाला एक बांधल्या. नियम एकच, काहीही झालं तरी गाठ सोडायची नाही. मग मी अचानक ओरडते, आग लागली! साप! मोठ्या बाई आल्या! जो सोडेल तो बाद.

पहिल्या दिवशी सगळेच बाद झाले. आज कोणीच झालं नाही. एकाच्या नाकावर माशी बसली तरी त्याने हात हलवला नाही, नुसतं नाक हलवलं. मला भरून आलं. खोडरबरने मध्येच विचारलं की खरंच आग लागली तर? मी म्हटलं, शंका काढणारे शेवटच्याच गाठीला राहतात. जरा लागलं असेल तिला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा सराव. यशस्वी!! शाळेपासून मैदानापर्यंत आणि परत, एकही गडबड नाही. ह्या वेळी बाईंच्या एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात मी. मनगट थोडं दुखतंय, पण मोठ्या कामात असं चालायचंच.

मोठ्या बाई म्हणाल्या, ठीक आहे, येऊ दे तिला. मी सहलीला जाणार. जाणार. जाणार.

२६ फेब्रुवारी

बाबा मालाच्या गोदामात खोकी बांधतात. त्यांच्याकडून एक गाठ शिकले. जितकी ओढावी तितकी घट्ट होते. पलंगाच्या पायावर सराव केला. नंतर सोडवताना बाबांना कात्री घ्यावी लागली. पुढाऱ्याला एकतरी विद्या पक्की यायला हवी.

२७ फेब्रुवारी, रात्री ८

डबा, टोपी, बाटली तयार. उद्या भरपूर पाणी पिणार, उन्हात पुढाऱ्याला चक्कर येऊन चालणार नाही. दादा म्हणाला, घरी परत येताना आपल्याच घरी ये. हसले नाही. माझी आजची अवस्था त्याला कळणार नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी ६

उठले. खरंच सहाला. तलाव!

त्याच दिवशी, संध्याकाळी

जसं घडलं तसं लिहायचं ठरवलंय.

बसमधून उतरलो. फाटकाच्या आत भिंतीजवळ सावलीत रांग लावली. सगळ्यांच्या हातात आपापली गाठ. पाण्याचा जार उतरवायला शिपाईकाका बसकडे गेले. तिकिटांच्या खिडकीवर गर्दी होती. बाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. शेवटी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या की हे धर, इथून अजिबात हलू नकोस, मी दोन मिनिटांत आलेच.

दोरी आणि अख्खा वर्ग माझ्या हातात! मी भारदस्त आवाजात म्हटलं, बाई, निर्धास्त जा.

त्या गेल्या आणि मला लागली. सकाळपासून प्यायलेलं पाणी. कारंज्याशेजारी बसल्यासारखी अवस्था. बाईंनी हलू नकोस म्हटलेलं, आणि न हलता काही करणं पुढाऱ्याला शोभलं नसतं. स्वच्छतागृह समोरच दिसत होतं. पण दोरी कोणाच्या भरवशावर सोडायची? भिंतीला लागून हिरवं लोखंडी जाळीचं कुंपण होतं, त्यामागे वाळक्या पाल्याचा ढीग. त्या जाळीला मी टोक बांधलं, बाबांच्या गाठीने. एकदा ओढून बघितलं. पक्कं. मग सगळ्यांना बजावलं की काहीही झालं तरी गाठ सोडायची नाही. सगळे एका सुरात हो म्हणाले.

धावत गेले, धावत आले. जाताना कसलीतरी धडधड ऐकू आली होती, पण मी घाईत होते.

आले तर वर्ग नाही. दोरी नाही. कुंपणही नाही.

आधी वाटलं मी चुकीच्या भिंतीपाशी आले. तशी मला सवय आहे. पण भिंत तीच, सावली तीच, जमिनीवर कोणाची तरी टोपी पडलेली. मी ओरडले. मग आठवलं की बाईंनी हलू नकोस म्हटलंय. म्हणून तिथेच उभी राहिले. दुसरं काय करणार होते? कुठल्या दिशेला पळायचं तेच कळत नव्हतं. जागा सोडली नाही.

बाई तिकिटांचा गठ्ठा घेऊन आल्या. म्हणाल्या, बाकीचे कुठेत? मी म्हटलं, बाई, घाबरू नका, मी आहे.

त्या जमिनीवरच बसल्या.

त्यानंतरचं मला सगळं नीट आठवत नाही. शिट्ट्या वाजल्या, फाटक बंद झालं, शिपाईकाका तलावाकडे धावले. तोवर मला तलाव म्हणजे फक्त मजा वाटत होता. आम्हा दोघींना पहारेकऱ्याच्या खोलीत बसवलं. बाईंनी माझा हात धरून ठेवला होता. त्या हुंदके देत होत्या आणि मला म्हणत होत्या, रडू नकोस. मी रडतेय हे मला त्यामुळे कळलं.

बऱ्याच वेळाने फोन आला. सापडले. सगळे.

ते कुंपण नव्हतंच. माळीकाकांच्या ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीची मागची जाळी होती ती. माळीकाका पुढून येऊन बसले, मागे न बघता गाडी चालू केली आणि पालापाचोळा टाकायला निघाले. ट्रॅक्टर माणसाच्या चालीने चालतो. माझा वर्ग दोरी धरून त्याच्यामागे चालू लागला. एकानेही गाठ सोडली नाही. खोडरबर शेवटून थांबा, थांबा ओरडत होती, पण इंजिनापुढे कोण ऐकतंय. तीही सोडू शकत नव्हती, कारण तिच्यामागे कोणी नव्हतं आणि ती सुटली असती तर एकटीच राहिली असती. मग ती प्रत्येक वळणावर डोकी मोजत गेली. काचघर, बांबूचं बन, लाकडी पूल, सगळं पार करून रोपवाटिकेत इंजिन बंद झालं. माळीकाकांनी मागे बघितलं तर रांगेत उभी असलेली राखाडी मुलं. ते म्हणे हातातली किल्ली टाकून देवाचं नाव घ्यायला लागले.

दोरीची गाठ सुटेना. शेवटी कोयत्याने कापली.

आम्ही ताबडतोब परत निघालो. बसमध्ये सगळे एकदम बोलत होते. मी बाईंच्या मांडीला मांडी लावून बसले होते. बस तलावावरूनच गेली असणार, पण मी पलीकडच्या बाजूला होते.

एक नोंद करून ठेवते. ह्या वेळी हरवले ते बाकीचे. मी नाही.

३ मार्च, सोमवार

आईला शाळेत बोलावलं. मला दाराबाहेर स्टुलावर बसवलं. दार पूर्ण लागत नाही.

मोठ्या बाई रागावलेल्या होत्या, पण माझ्यावर नाही, बाईंवर. बाई म्हणाल्या की चूक माझीच आहे. ज्याच्यावरची नजर हलवता येत नाही त्याच्यासाठीच मी पहिली गाठ ठेवली होती. तिला हाताशी ठेवायची एवढंच माझं काम होतं, आणि नेमकं तेव्हाच मी तिच्या हातात दोरी दिली. आई म्हणाली, नाही हो बाई, तुम्ही तरी किती बघणार.

पट्टा. दादा बरोबर होता.

मी स्टुलावरून उठून कुठेतरी जायला हवं होतं. पण कुठे? वर्गात सगळे होते, घरी दादा होता. बसून राहिले. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मला सॉरी म्हणायचं होतं. त्याऐवजी मी विचारलं, आधार हवाय का. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

५ मार्च, बुधवार

मराठीच्या तासाला निबंध. विषय, माझा अविस्मरणीय अनुभव. सगळा वर्ग एकदम खाली वाकून लिहायला लागला. खोडरबरने दोन पानं लिहिली आणि एक अक्षर खोडलं नाही.

मग बाईंनी वाचून घेतले. सगळ्यांचा एकच अनुभव. पुलावर दोरी कशी हलली. बांबूत घुबड होतं ते कसं मान वळवून बघत राहिलं. न्यायला माणसं येईपर्यंत माळीकाकांनी सगळ्यांना ट्रॉलीत बसवून एक फेरी कशी मारली, पाल्यात उड्या कशा मारू दिल्या, प्रत्येकाला एकेक रोप कसं दिलं. आयुष्यात एवढी मजा कधी आली नाही, असं नाकावरच्या माशीवाल्यानेसुद्धा लिहिलंय. वर्गात एवढा हशा, की बाईसुद्धा तोंडावर पदर धरून हसल्या. त्या हसल्या म्हणून मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

मी पहारेकऱ्याच्या खोलीवर लिहिलं. त्यात पंखा होता, बादली होती, खुंटीवर शिट्टी होती. बाईंनी ते मनात वाचलं, छान आहे म्हणाल्या आणि गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवलं.

मधल्या सुट्टीत नवा खेळ निघालाय, ट्रॅक्टर-ट्रॅक्टर. एक जण माळीकाका, एक इंजिन, बाकी सगळे दोरीला. मी विचारलं, मी कोण? वर्गातला सगळ्यात उंच मुलगा म्हणाला, तू नव्हतीसच. खोडरबरने थोडा विचार केला. ती वाईट नाही, कधीच नव्हती. ती म्हणाली, तू तिथे भिंतीजवळ उभी राहा आणि हलू नकोस. तू तिथेच होतीस ना.

मी उभी राहिले. अगदी ताठ, जशी तेव्हा होते तशी. ट्रॅक्टर धडधड करत इमारतीच्या मागे गेला. आता फेरी मारून इकडूनच येतील, तेव्हा मला बघतील, असं धरून मी चेहरासुद्धा नीट केला. घंटा झाली. ते मागच्या दाराने वर्गात गेले होते.